शाळेला पट्टा-करवत घ्यावी का? आणि घ्यावी तर कोणती?





मागील बैठकीत एक विषय असा निघाला की चहा दोनदा येऊन गेला तरी तो संपला नाही. कार्यानुभवाच्या खोलीसाठी लाकूड कापण्याचे एक लहान विजेचे यंत्र घ्यावे की नाही, हा तो विषय. दुकानदार त्याला बँडसॉ म्हणतात. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून माझ्या तोंडात "आरा मशीन" बसले आहे. मराठीत आपण पट्टा-करवत म्हणू या.

बैठकीत चार मते पडली. एक जण म्हणाले, "सर, आधी दहावीचा निकाल बघा, करवतीचे नंतर बघू." दुसऱ्यांनी सांगितले की एक जुनी लाकडाची वखार बंद होत आहे, तिथले मोठे यंत्र भंगाराच्या भावात मिळेल. तिसऱ्यांनी मोबाईलवर सर्वांत स्वस्त यंत्राचे चित्र दाखवले. चौथ्यांनी निरोप दिला की अमेरिकेत असलेला आपला एक माजी विद्यार्थी स्वतःचे यंत्र शाळेला भेट द्यायला तयार आहे. चौघांच्याही मनात शाळेचे भलेच आहे. निर्णय मंडळ घेईल. परंतु मुख्याध्यापक या नात्याने माझे मत आपणा सर्वांपुढे उघडपणे ठेवणे मला योग्य वाटते, कारण यात पैसा पालकांचा आहे आणि बोटे मुलांची आहेत.

माझे मत आधीच सांगतो. यंत्र जरूर घ्यावे, लहानच घ्यावे. पण "सर्वांत स्वस्त कोणते" हा प्रश्न सोडून "तिसऱ्या वर्षीही कोणते चालू असेल" हा प्रश्न विचारावा. आणि यंत्राच्या आधी शिकवणारा हात शोधावा.

हे यंत्र आहे तरी काय

सायकलची दोन चाके एकावर एक ठेवली आहेत आणि त्यांवरून दात असलेला पोलादी पट्टा फिरतो आहे, अशी कल्पना करा. खालचे चाक मोटर फिरवते, वरचे चाक पट्टा ताणून धरते. मध्ये एक टेबल असते. त्या टेबलातून पाते सतत वरून खाली जाते आणि आपण लाकूड पुढे सरकवतो.

ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी तिचे पेटंट घेतले, पण पट्ट्याचा सांधा वारंवार तुटायचा. त्यामुळे कल्पना चांगली असूनही यंत्र कित्येक वर्षे कामाचे ठरले नाही. १८४६ साली फ्रान्समधील अ‍ॅन पॉलीन क्रेपँ या महिलेने पात्याची दोन टोके जोडण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि पुढची वाट मोकळी झाली. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. "हे मुलांचे काम" असे कोणी म्हणाले तर उत्तर तयार आहे.

गोल फिरणाऱ्या चकती-करवतीपेक्षा शाळेला ही करवत बरी, असे मी का म्हणतो? चकती लाकडाला उलट आपल्या अंगावर फेकू शकते. पट्टा-करवतीचे पाते लाकडाला खाली टेबलावर दाबते, त्यामुळे तसा मागे उसळण्याचा धोका यात जवळजवळ नसतो. पाते अरुंद असल्याने वळणेही कापता येतात. पोळपाट, लाकडी बैल, बालवाडीसाठी अक्षरे, हे सारे यावर होते. मात्र पट्टा अखंड असल्याने अक्षराच्या पोटातले भोक यावर कापता येत नाही. "ब" बाहेरून कापता येईल, त्याच्या आतला गाळा हाताच्या बारीक करवतीनेच काढावा लागेल. म्हणजे यंत्र आले तरी हात सुटत नाही.

गणिताच्या सरांसाठी एक उदाहरण

समजा चाकाचा व्यास २५ सेंटिमीटर आहे आणि दोन चाकांच्या केंद्रांमधले अंतर ५० सेंटिमीटर आहे. पट्टा किती लांबीचा लागेल? एका चाकाचा परीघ अधिक त्या अंतराची दुप्पट, म्हणजे ७८.५ अधिक १००, एकूण १७८.५ सेंटिमीटर. चाक मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर पाते मिनिटाला ७८५ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर धावते. पापणी लवेपर्यंत तीन-चार मीटर दात बोटाजवळून निघून गेलेले असतात. नववीच्या मुलाने हे गणित स्वतः सोडवले, तर "काळजी घ्या" अशी पाटी लावण्यापेक्षा जास्त परिणाम होईल असे मला वाटते.

तीन सूचनांविषयी

वखारीतले मोठे यंत्र भंगाराच्या भावात मिळेल हे खरे. पण ते ओंडके फाडण्यासाठी बनले आहे. त्याला पक्का पाया लागतो, जास्त दाबाची वीज लागते, आणि त्याचे रुंद पाते वळण घेत नाही. माझ्या एका मामांनी उमेदीची वर्षे अशाच यंत्रावर काढली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे अर्धीच होती. लहानपणी ते मला पेढा द्यायचे तेव्हा तो त्या दोन बोटांत धरता येत नसे, तळहातावर ठेवून द्यायचे. शाळेत ते यंत्र येणार नाही, इतके मी स्पष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या आपल्या विद्यार्थ्याचे मन मोठे आहे. परंतु तिकडची घरगुती वीज साधारण १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळवता येतात, हर्ट्झ जुळत नाहीत. अशा यंत्राची साधी मोटर येथे सुमारे एक षष्ठांश हळू फिरेल आणि जास्त तापेल. पाते, पट्टे, स्क्रू, सगळे इंचाच्या मापाचे आणि तिकडच्या लांबीचे. म्हणून त्यांना नम्रपणे लिहावे की यंत्र पाठवू नका, त्याऐवजी पहिल्या दोन वर्षांच्या पात्यांचा खर्च द्या.

आता सर्वांत स्वस्त यंत्राविषयी. यात माझा अनुभव कडू आहे आणि चूक माझी आहे. यापूर्वी मी दुसऱ्या एका गावी होतो. तेथे आम्ही असेच एक लहान यंत्र घेतले. तीन कोटेशने आली, सर्वांत कमीचे मंजूर झाले. चौथ्या महिन्यात पाते तुटले. त्या लांबीचे पाते जवळच्या कोणत्याही बाजारात मिळेना, आणि जोडून देणारा माणूस कोठे असतो हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी स्नेहसंमेलनाचा जुना बॅनर त्यावर घालून ते कोपऱ्यात ठेवले. मी तेथून निघालो तोपर्यंत ते तसेच होते. खरेदीच्या कागदावर सही माझी होती. कमी पैशात घेतले असे आम्ही समजत होतो, प्रत्यक्षात सगळेच पैसे वाया गेले होते.

मग पाहावे तरी काय

काही पालकांनी घरी छंदासाठी असे यंत्र घेण्याविषयी मला विचारले आहे. पुढील गोष्टी त्यांनाही उपयोगी पडतील.

१. माप. या यंत्राचे माप चाकाच्या व्यासावर सांगतात. ९ किंवा १० इंची यंत्र टेबलावर बसते आणि शाळेला पुरते. अशा यंत्रात साधारण ९ ते १० सेंटिमीटर उंचीचे लाकूड मावते. पण मावते म्हणजे कापवते असे नाही. वाळलेल्या बाभळीचा तुकडा त्या उंचीचा दिला तर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर रडकुंडीला येईल. बाभूळ चार-पाच सेंटिमीटरपर्यंत, आंबा किंवा पाइनसारखे मऊ लाकूड त्याहून थोडे जास्त, असा हिशोब धरावा.

२. दोन चाके की तीन. तीन चाकांच्या यंत्रात जागा जास्त मिळते म्हणून ते मोहात पाडते. पण त्याची चाके लहान असतात, पाते प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि लवकर तडकते. दोन चाकांचेच घ्यावे.

३. पात्याची लांबी. हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. दुकानदाराला किमतीच्या आधी विचारावे, "याचे पाते किती लांबीचे आणि ते कोठे मिळते?" कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबादच्या बाजारात त्या लांबीचे पाते मिळते किंवा जोडून मिळते, याची स्वतः खात्री करून घ्यावी. ती झाली तरच पुढे बोलावे.

४. टेबल आणि सांगाडा. टेबल सपाट आहे का ते पोलादी पट्टी उभी ठेवून पाहावे, खालून उजेड दिसता कामा नये. गुण्या लावून पाते टेबलाशी काटकोनात येते का ते पाहावे. पाते ताणल्यावर सांगाडा वाकत असेल तर ते यंत्र कधीच सरळ कापणार नाही.

५. पात्याचे आधार. पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे छोटे आधार असतात. बाजूच्या आधारात आणि पात्यात कागदाइतकी फट हवी, मागचा आधार पात्याला लाकूड नसताना टेकू नये. हे आधार सहज पुढे-मागे करता येतात का, आणि घट्ट केल्यावर जागेवर राहतात का, हे दुकानातच करून बघावे.

६. स्विच. आपल्याकडे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नाही. वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, हिरवे बटण पुन्हा दाबल्यावरच सुरू व्हावे. असा स्विच नसेल तर वेगळा बसवून घ्यावा. यात काटकसर नको.

पात्यांबद्दल थोडे. पाव इंची पाते सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते, अर्धा इंचीला त्याच्या चौपट जागा लागते. म्हणून लहान बैलासाठी अरुंद पाते आणि फळी सरळ फाडण्यासाठी रुंद. इंचाला दात किती यालाही महत्त्व आहे. जाड लाकडाला थोडे आणि मोठे दात, पातळ प्लायवूडला जास्त आणि बारीक दात. कोणत्याही क्षणी लाकडात निदान तीन दात असावेत, हा साधा नियम. यंत्राबरोबर आलेले पाते बहुधा सामान्य दर्जाचे असते. स्वस्त यंत्रावर चांगले पाते लावले तर काम होते. महागड्या यंत्रावर बोथट पाते असेल तर ते लाकूड जाळते.

म्हणूनच माझी सूचना अशी की आपल्याजवळ शंभर रुपये असतील तर यंत्रावर साठच खर्चावेत. पंधरा पात्यांसाठी, दहा वेगळी वायर आणि पक्क्या अर्थिंगसाठी, आणि उरलेले पंधरा चष्मे, मास्क, झाडू आणि हाताची हत्यारे यांसाठी. लाकडाची बारीक धूळ ही साधी धूळ नव्हे. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केलेला आहे. तेव्हा खिडक्या उघड्या आणि मास्क तोंडावर, हे ठरलेले.

यंत्राच्या आधी माणूस

आता मुख्य गोष्ट. आपल्या परिसरात सुतार, बडिगेर, बढई असे एकाच माणसाला तीन भाषांत तीन शब्द आहेत. नांगर, तिफण, बैलगाडी हे सारे त्यांच्या हातचे होते. ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारे आली, आणि त्यांचे काम दारे-खिडक्यांपुरते उरले. आता तीही तयार मिळतात. आपल्या शाळेत सुतारांची मुले आहेत. वर्गात "वडील काय करतात" असे विचारले की त्यांतला एक मुलगा खाली बघून "बिझनेस" म्हणतो. हा शब्द ऐकून मला वाईट वाटले. कारण आपण राहतो ती भूमी कल्याणची आहे. येथे बाराव्या शतकात बसवण्णांनी श्रमालाच कायक म्हणून पूजेचा मान दिला. मेदार केतय्या बुरूडकाम करीत, नुलिय चंदय्या दोर वळीत, आणि अनुभव मंटपात त्यांना मानाचे स्थान होते. त्या भूमीतल्या मुलाला बापाच्या रंध्याची लाज वाटावी, हे आम्हां शिक्षकांचे अपयश आहे.

हाताच्या कामाने शिक्षण होते हे काही नवे नाही. फिनलंडने १८६६ मध्येच ग्रामीण शाळांत मुलांसाठी हस्तकाम सक्तीचे केले. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार पुढे आला. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतून शिक्षण, हे तिचे सूत्र. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या उपक्रमात शाळेची मुले आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात, आणि शिकवायला गावातलेच जाणकार कारागीर असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकामासारख्या कौशल्यांची ओळख द्यावी असे म्हटले आहे.

पाबळची गोष्ट मला विशेष वाटते ती एका कारणाने. तेथे कारागीर हा शिक्षक आहे. आपणही तेच करावे. गावातल्या एका अनुभवी सुतारकाकांना आठवड्यातून दोन तासिकांसाठी मानधन देऊन बोलवावे. वर्गात ते आले की मुलांनी उभे राहून "नमस्ते सर" म्हणावे, जसे इतरांना म्हणतात तसेच. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, मानधन दरवर्षी. मंडळाची अडचण मला समजते. पण या दोहोंपैकी एकच परवडणार असेल, तर माझे मत सुतारकाकांना आहे, यंत्राला नाही.

यंत्र आले तर

पाचवी ते आठवीच्या मुलांनी यंत्राला हात लावायचा नाही. त्यांनी हातकरवत, रंधा, पटाशी आणि गुण्या शिकावे. ज्याला पेन्सिलीच्या रेघेवर हाताने सरळ कापता येत नाही, त्याला यंत्रही सरळ कापून देत नाही. नववीपासून एका वेळी एकच विद्यार्थी, सुतारकाका शेजारी उभे असताना आणि पालकांचे संमतिपत्र असेल तरच.

हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात. ओढणी, सैल बाही, बांगड्या, हातातले दोरे बाजूला. वेणी बांधून पाठीमागे. पात्याचे वरचे झाकण लाकडापासून अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे वर, त्याहून उंच नाही. बोट कधीही पात्याच्या रेषेत नाही, शेवटचे टोक ढकलायला काठी. गोल ओंडका तसाच कापायचा नाही, तो फिरतो आणि हात ओढून नेतो. पाते पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडायचे नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे आणि सुतारकाकांकडे, तिसरी किल्ली नाही.

"दहावीचे काय?" असे ज्यांनी विचारले त्यांनाही उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. दहावीचा निकाल मलाही हवा आहे, त्याचा जाब मलाच द्यावा लागतो. पण परीघ, कोन, वेग, घर्षण हे ज्याने हाताने अनुभवले, त्याला ते पाठ करावे लागत नाही. आणि जो मुलगा दहावीत मागे पडेल, त्याला शाळेने आणखी काय दिले, हा प्रश्नही एक दिवस आपल्याला विचारला जाईल.

तेव्हा मंडळाला माझी विनंती अशी आहे. या वर्षी हत्यारे घ्या आणि सुतारकाकांना नेमा. मुलांच्या हातून निदान पंचवीस पोळपाट आणि बालवाडीची अक्षरे तयार होऊ द्या. पुढच्या वर्षी ते काम बघून, सुतारकाकांनाच सोबत घेऊन बाजारात जाऊ आणि त्यांनी पसंत केलेले लहान यंत्र घेऊ. या वेळी खरेदीच्या कागदावर माझ्या सहीशेजारी त्यांचीही सही असावी, अशी माझी इच्छा आहे.

पालकांनी आपले मत शाळेत येऊन किंवा चिठ्ठी पाठवून जरूर कळवावे. विरोधी मतही आनंदाने वाचीन.

आपला,
मुख्याध्यापक